सोल्वेक्स ३७-१७५: प्लेटिंगच्या कामात हा हिरवा हातमोजा कुठे वापरावा आणि कुठे वापरू नये

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचे, म्हणजे धातूच्या वस्तूंवर निकेल-क्रोमचा मुलामा देण्याचे, लहान कारखाने बरेच आहेत. अशा एखाद्या कारखान्यात एकाच पत्र्याखाली किती तऱ्हेची रसायने हाताळली जातात, याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, आला की आधी त्याच्यावरचे तेल-ग्रीस ट्रायक्लोरोइथिलिनने किंवा गरम कॉस्टिकने काढायचे, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत पिकलिंग करून गंज उतरवायचा, त्यानंतर निकेल आणि शेवटी क्रोम. पितळेचा माल असेल तर चकाकीसाठी नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या मिश्रणात बुडवणे आलेच, आणि रंग किंवा लॅकर उतरवायला थिनरचा डबा बाजूला असतोच. एवढ्या सगळ्यांसाठी खरेदीच्या कागदावर मात्र बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते: रबरी हातमोजे, एक डझन. अशा कामासाठी लागणारी सुरक्षा सामग्री निवडणे आणि ती वापरात नीट टिकते की नाही हे पाहणे, हे माझे नेहमीचे काम आहे. म्हणून या परीक्षणात मी ॲन्सेल कंपनीच्या अल्फाटेक सोल्वेक्स ३७-१७५ या हिरव्या नायट्राइल हातमोज्याविषयी लिहीत आहे, आणि हा हातमोजा जिथे चालत नाही तिथे काय घ्यावे, हेही त्यातच येईल.

आधी वस्तूचे वर्णन. हा हातमोजा पूर्णपणे नायट्राइल रबराचा असून त्याची जाडी १५ मिल, म्हणजे ०.३८ मिलिमीटर आहे, आणि लांबी १३ इंच. मनगट झाकून तो कोपराच्या दिशेने चांगला अर्ध्यावर येतो. आतल्या बाजूस सुती तंतूंचा मखमलीसारखा बारीक थर असतो, त्यामुळे घाम आलेला हातही सहज आत-बाहेर होतो. तळवा आणि बोटे यांवर खडबडीत नक्षी असल्याने ओला जॉब किंवा जिग (जॉब अडकवायची तारेची चौकट) हातातून निसटत नाही. त्याच मालिकेतला ३७-१८५ हा मोठा भाऊ २२ मिल जाडीचा आणि १८ इंच लांबीचा आहे; त्याला आतून तंतूंचा थर नाही. खोल टाकीत हात घालावा लागणाऱ्यांनी त्याचा विचार करावा, कारण १३ इंची हातमोज्याच्या तोंडातून द्रव आत गेला की मग नायट्राइल कितीही उत्तम असले तरी उपयोग राहत नाही.

ज्या कामांसाठी हा हातमोजा योग्य आहे, त्या कामांत तो खरोखर अव्वल आहे, आणि हे मी मनापासून लिहितो. पिकलिंगचे हायड्रोक्लोरिक ॲसिड, अगदी ३७ टक्के तीव्रतेचेसुद्धा, आणि ५० टक्क्यांपर्यंतचा कॉस्टिक सोडा या दोन्हींसाठी उत्पादकाच्या स्वतःच्या तक्त्यात त्याची टिकण्याची वेळ (रसायन आरपार झिरपायला लागणारा वेळ) ४८० मिनिटांहून अधिक, म्हणजे पूर्ण पाळीहून जास्त दिलेली आहे. खनिज तेले, केरोसीन, हेक्सेन आणि हेप्टेन यांनाही नायट्राइल दाद देत नाही. तेलातच नैसर्गिक रबर फुगते आणि चिकट होते, म्हणून वर्कशॉपमध्ये साध्या रबरी हातमोज्याऐवजी नायट्राइल आले ते याच गुणामुळे. कारखान्यात रोज ज्या दोन रसायनांशी सर्वाधिक वेळा संबंध येतो ती कॉस्टिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड असल्याने, एकच हातमोजा घ्यायचा झाला तर तो हाच असावा, असे माझे मत आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: या चाचण्या साधारण २३ अंश सेल्सियस तापमानाला होतात. डीग्रीझिंगची कॉस्टिकची टाकी ६०-७० अंशांवर चालते, आणि तापमान वाढले की रसायन आरपार जाण्याचा वेग वाढतो. त्यामुळे तक्त्यातले ४८० मिनिटे गरम टाकीजवळ तसेच गृहीत धरू नयेत.

आता दुसरी बाजू. ॲसिटोन, मिथिल इथिल कीटोन, इथिल ॲसिटेट, डायक्लोरोमिथेन आणि ट्रायक्लोरोइथिलिन यांच्यासाठी नायट्राइल योग्य नाही. टोल्यूइनमध्येही ते थोडाच वेळ तग धरते. बाजारात मिळणारा थिनर हे नेमके याच कुटुंबातल्या द्रवांचे मिश्रण असते: टोल्यूइन, ॲसिटोन, ॲसिटेट आणि अल्कोहोल यांचे प्रमाण बदलते, पण अल्कोहोल सोडले तर एकही घटक नायट्राइलचा मित्र नसतो. थिनरमध्ये काही मिनिटे बुडालेला नायट्राइल हातमोजा बाहेर काढून पाहिला तर फरक डोळ्यांना दिसतो. बोटांची टोके लांबट आणि लिबलिबीत होतात, नक्षी पुसट होते, हिरवा रंग फिका पडतो, आणि चिमटीत धरून ओढले तर रबर पूर्वीसारखे परत न येता ताणलेलेच राहते. वाळल्यावर तो आकसून पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागतो, आणि खरा धोका इथेच आहे. कामगार तो दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवतो, कारण भोक कुठेच नसते.

भोक नसताना रसायन आत कसे येते, हा प्रश्न मला कामगार नेहमी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. रसायनाचे रेणू हातमोज्याच्या पदार्थात विरघळतात, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात, आणि हे सगळे चालू असताना हातमोजा बाहेरून अखंड आणि कोरडा असतो. याचे सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजमधील रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांचे आहे. १४ ऑगस्ट १९९६ रोजी प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) आणि लॅटेक्सचे हातमोजे घालून काम करत असताना त्यांच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. काही महिन्यांनी पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणे दिसू लागली, आणि ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे चाचणी केल्यावर असे आढळले की ते रसायन तसल्या लॅटेक्समधून पंधरा सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर पार होते. त्यानंतर अशा कामासाठी आत बहुस्तरीय फिल्मचा हातमोजा आणि त्यावर लांब, जाड निओप्रीनचा (एका कृत्रिम रबराचा) हातमोजा घालावा, अशी शिफारस केली गेली. वेटरहान या विषारी धातूंच्या अभ्यासक होत्या आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सर्व काळजी घेत होत्या. उणीव होती ती फक्त हातमोज्याच्या पदार्थाची. प्लेटिंगमध्ये डायमिथिल मर्क्युरी नसते, पण हातमोजा निवडताना मी हीच घटना सांगतो, कारण 'हातमोजा घातला आहे ना' या समाधानाला ती उत्तर देते.

सुदैवाने हातमोज्याच्या कफावर किंवा पाकिटावर युरोपीय मानकाची खूण असते आणि ती वाचता आली तर बरेच कळते. ईएन आयएसओ ३७४-१ या २०१६ च्या मानकात अठरा चाचणी-रसायने ठरवलेली असून प्रत्येकाला एक अक्षर दिले आहे: ए म्हणजे मिथेनॉल, बी ॲसिटोन, डी डायक्लोरोमिथेन, एफ टोल्यूइन, आय इथिल ॲसिटेट, जे हेप्टेन, के ४० टक्के कॉस्टिक सोडा, एल ९६ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, एम ६५ टक्के नायट्रिक ॲसिड, एस ४० टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड, अशी ही यादी आहे. शंकूच्या आकाराच्या चंबूच्या चित्राखाली जी अक्षरे छापलेली असतात त्या रसायनांसाठी हातमोजा तपासलेला असतो. निदान सहा रसायनांना किमान ३० मिनिटे तग धरणारा हातमोजा 'टाइप ए', तीन रसायनांना ३० मिनिटे तग धरणारा 'टाइप बी', आणि एका रसायनाला १० मिनिटे टिकणारा 'टाइप सी'. दुकानदार 'टाइप ए आहे साहेब, एकदम टॉप' असे म्हणतो तेव्हा ते खोटे नसते, पण सहा कोणती हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तुम्ही ॲसिटोन वापरत असाल आणि कफावर बी हे अक्षर नसेल तर टाइप ए तुमच्या कामाचा नाही. शिवाय प्लेटिंगवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हायड्रोक्लोरिक ॲसिड, क्रोमिक ॲसिड आणि ट्रायक्लोरोइथिलिन ही आपली तीन मुख्य रसायने त्या अठरांच्या यादीत नाहीतच. त्यांच्यासाठी उत्पादकाचा स्वतंत्र तक्ताच पाहावा लागतो, आणि मोठ्या कंपन्यांचे असे तक्ते सहज उपलब्ध असतात. सोल्वेक्सला मी चांगले गुण देतो त्याचे एक मोठे कारण हेच, की या हातमोज्याची माहिती रसायनागणिक मिळते. ज्या हातमोज्याच्या पाकिटावर केवळ 'केमिकल रेझिस्टंट' एवढेच लिहिलेले असते, तो कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

उरलेल्या टाक्यांकडे वळू. क्रोमच्या टाकीवर चांगल्या जाड पीव्हीसीचा हातमोजा द्यावा. नैसर्गिक रबर आणि निओप्रीन दोन्ही क्रोमिक ॲसिडपुढे खराब होतात, आणि नायट्राइलही तिथे मध्यमच ठरते. क्रोमिक ॲसिडमधले सहा संयुजेचे क्रोमियम त्वचेवर खोल, गोल, न भरणारे व्रण करते आणि ते कर्करोगकारकही आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८७ खालील धोकादायक कामांत क्रोमिक ॲसिडच्या प्लेटिंगचा समावेश केला गेला होता तो उगाच नाही. नायट्रिक ॲसिड, विशेषतः तीव्र, नायट्राइलला पिवळे-तपकिरी आणि कडक करते. पितळ त्यात बुडवताना निओप्रीन किंवा त्याहून चांगला म्हणजे ब्युटाइल रबराचा हातमोजा घालावा. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडलाही नायट्राइल दाद देत नाही असे समजू नये, कारण बॅटरीतले पातळ ॲसिड आणि कार्बॉयमधले (ॲसिडच्या मोठ्या कॅनमधले) ९८ टक्क्यांचे ॲसिड यांत रसायन एकच असले तरी हातमोज्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे पदार्थ आहेत. ब्युटाइल ॲसिटोन आणि कीटोनांनाही उत्तम टिकते, पण तेल आणि पेट्रोलसारख्या द्रवांत ते फुगते, आणि किंमत नायट्राइलच्या कित्येक पट असते.

थिनर आणि ट्रायक्लोरोइथिलिनसाठी मला समाधान वाटेल असा एकच पर्याय दिसतो, तो म्हणजे बहुस्तरीय फिल्मचा हातमोजा. हा चपटा, प्लास्टिकच्या पिशवीसारखा कुरकुरणारा, दोन पत्रे कडेने जोडून बनवलेला असतो. हाताला तो नीट बसत नाही आणि त्याने बारीक स्क्रू उचलता येत नाही. परंतु ॲसिटोनपासून क्लोरीनयुक्त द्रावकांपर्यंत जेवढ्या विस्तृत यादीला तो तोंड देतो तेवढ्या यादीला दुसरा कोणताही हातमोजा देत नाही. तो आत घालून वरून एक नंबर मोठा सोल्वेक्स चढवला की पकडही मिळते आणि फिल्म फाटतही नाही. या जोडीत आतला हातमोजा संरक्षण करतो आणि बाहेरचा आतल्याला सांभाळतो, हे काम करणाऱ्याला स्पष्ट सांगावे. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे हातमोजेही क्लोरीनयुक्त द्रावकांना चांगले असतात, पण ते पाण्यात विरघळतात. सतत पाण्याने धुणे चालू असलेल्या प्लेटिंगच्या शेडमध्ये त्यांना जागा नाही.

स्टेनलेस स्टीलचे फॅब्रिकेशन करणाऱ्यांसाठी इथे एक परिच्छेद वेगळा लिहिला पाहिजे. वेल्डिंगचे काळे डाग काढायला ब्रशने लावायची जी पिकलिंग पेस्ट मिळते तिच्यात सहसा नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. हे ॲसिड पातळ असेल तर लागल्याबरोबर आग होत नाही. काही तासांनी खोलवर असह्य वेदना सुरू होतात, कारण ते कातडीतून आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमला धरते आणि हाडापर्यंत पोहोचते. अशी पेस्ट पातळ, एकदा वापरून टाकायच्या हातमोज्यांनी लावताना मी पाहिले आहे आणि तेव्हाच थांबवलेही आहे. या कामाला निओप्रीनचा किंवा ब्युटाइलचा लांब हातमोजा, चेहऱ्यावर शील्ड, आणि हाताशी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची नळी असलीच पाहिजे. जेल प्रथमोपचारपेटीत आहे की नाही हे काम सुरू करण्यापूर्वी पाहावे.

बाजारात काय मिळते, याविषयी थोडे सांगतो. सुरक्षा सामग्रीच्या एका दुकानात मला ॲसिडसाठी म्हणून काळे, जाडजूड हातमोजे दाखवले गेले आणि त्यावर आयएस ४७७० असा शिक्का होता. हे मानक विजेच्या कामासाठी असलेल्या रबरी हातमोज्यांचे आहे. त्यांची परीक्षा विद्युतदाबाची असते, रसायनाची नव्हे. जाडी पाहून गिऱ्हाईक भुलते, आणि विक्रेत्यालाही बहुधा फरक ठाऊक नसतो. स्वयंपाकघरातले रंगीत लॅटेक्सचे हातमोजे साबण आणि फिनाइलसाठी ठीक आहेत. टाकीवर त्यांचे काम नाही. एकदा वापरून टाकायचे निळे नायट्राइल हातमोजे साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे असतात. प्रयोगशाळेत चुकून उडालेल्या शिंतोड्यापुरते ते आहेत, आणि शिंतोडा पडला की लगेच काढून टाकायचे असतात. झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे साधे गणित धरले तर सोल्वेक्सची जाडी या निळ्या हातमोज्याच्या जवळपास चौपट असल्याने वेळ चौदापटीच्या आसपास मिळतो. मात्र हा हिशेब पदार्थ योग्य असेल तरच धरावा. रसायनाबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या आठव्या विभागात हातमोज्यांची माहिती असते. त्यात 'योग्य हातमोजे वापरा' एवढेच मोघम लिहिलेले असेल, तर पुरवठादाराकडे पदार्थ, जाडी आणि वेळ यांची लेखी मागणी करावी. बहुतेक चांगले पुरवठादार ती माहिती देतात.

सोल्वेक्समधल्या त्या मखमली थराविषयी माझा एक स्पष्ट आक्षेप आहे. तो थर हाताला सुखाचा असला तरी एकदा का आत रसायन शिरले की तो टीपकागदासारखे ते शोषून कातडीला चिकटवून धरतो आणि धुऊनही पूर्ण जात नाही. अमेरिकेत शेतीच्या कीटकनाशकांसाठीच्या कामगार संरक्षण नियमांत असा थर आतून चिकटवलेले हातमोजे वापरण्यास याच कारणाने मनाई आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्यांपैकी वीसहून अधिक जणांना जीव गमवावा लागला आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले.  फवारणीच्या कामासाठी कोणी नायट्राइल घेत असेल तर त्याने आतून गुळगुळीत, थर नसलेलाच घ्यावा, म्हणजे रोज संध्याकाळी आतूनही साबणाने धुता येतो. कारखान्यातही क्रोम, सायनाइड किंवा निकेलच्या टाकीवरच्या माणसाला मी थर नसलेला हातमोजा देतो. निकेलची ॲलर्जी एकदा झाली की ती आयुष्यभर पाठ सोडत नाही.

वापराबाबत सांगायचे तर मापापासून सुरुवात करावी. तळव्याचा घेर, अंगठा सोडून, टेपने इंचांत मोजला की जो आकडा येतो तोच साधारण हातमोज्याचा नंबर असतो. आपल्याकडे सगळ्यांसाठी ९ किंवा १० नंबर सरसकट आणला जातो आणि बारीक हातांच्या कामगारांची, विशेषतः पॅकिंग व जिग लावणाऱ्या महिलांची, पंचाईत होते. सैल हातमोजा जॉबमध्ये अडकतो म्हणून त्या तो काढूनच ठेवतात. त्यांच्यासाठी ७ नंबर वेगळा मागवावा. बफिंग मशिनवर मात्र कोणताही हातमोजा घालू देऊ नये, कारण फिरते चाक तो हातासकट ओढते.

चढवण्यापूर्वी दररोज तपासणी करावी. हातमोज्याचे तोंड मनगटापासून बोटांकडे घट्ट गुंडाळत न्यावे म्हणजे आत हवा कोंडते आणि बोटे टम्म फुगतात. मग तो कानाजवळ धरून हलकासा दाबावा किंवा पाण्याच्या बादलीत धरावा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या पाळीत आणि बोटांच्या टोकांशी सर्वांत आधी बुडबुडे येतात, कारण जिगच्या तारा तिथेच टोचतात. हात वर करून काम करायचे असेल तर हातमोज्याचे तोंड बाहेरच्या बाजूला इंचभर दुमडावे, म्हणजे ओघळ कोपराकडे न जाता त्या घडीत अडकतो. काढण्यापूर्वी हातात असतानाच तो वाहत्या पाण्याखाली धुवावा. पाळी संपल्यावर एकावर एक ढीग न करता, तोंड खाली करून दांडीला टांगावा. द्रावक एकदा रबरात शिरले की हातमोजा धुऊन ठेवला तरी रात्रभर ते आतल्या बाजूकडे सरकतच राहते. म्हणून थिनर किंवा ट्रायक्लोरोइथिलिनमध्ये भिजलेला हातमोजा दुसऱ्या दिवशी देऊ नये. ॲसिड आणि कॉस्टिकवरचे हातमोजे मात्र नीट धुतले तर बरेच दिवस चालतात, आणि सोल्वेक्सची किंमत तिथे वसूल होते. फुगलेला, कडक झालेला, चिरा पडलेला किंवा रंग बदललेला हातमोजा त्याच क्षणी बाद करावा आणि कामगाराला नवा मागायला भांडार-रजिस्टरवर सही घेऊन ताटकळत ठेवू नये. क्रोम आणि सायनाइडच्या टाक्यांवरचे बाद हातमोजे साध्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नयेत. ते झाकणाच्या वेगळ्या ड्रममध्ये गोळा करून कारखान्याच्या इतर धोकादायक कचऱ्याबरोबरच अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवावेत, आणि त्या ड्रमवर मराठीतच मोठ्या अक्षरांत तसे लिहावे.